गुत्तेदार : दुकान त्याचे, मक्ता सरकारचा

मावळातील परंदवडीसारख्या गावात 'गुत्तेदार' म्हटले की दारूचे दुकान चालविणारा इसम डोळ्यांसमोर येतो. मराठवाड्यात हाच शब्द उच्चारला तर रस्त्याचा वा पुलाचा कंत्राटदार आठवतो. एका शब्दाचे हे दोन अर्थ योगायोगाने झालेले नाहीत.

'गुत्ता' हा शब्द कन्नड-तेलुगूकडून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ मक्ता. त्यात दारूचा लवलेशही नाही. दारू गाळून विकणाऱ्यासाठी जुना शब्द होता 'कलाल'. तो संस्कृत 'कल्यपाल'पासून आला आणि पुढे जातिवाचकही झाला. गुत्तेदार मात्र कोणत्याही जातीचा असू शकतो. त्याला कसब लागत नाही. लिलावात बोली करण्याइतके भांडवल लागते.

इंग्रजी अमदानीत दारूविक्रीचा हक्क अशा बोलीने दिला जाई. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने गाळणीवर व विक्रीवर सरकारचे नियंत्रण घट्ट झाले. मक्ता मुदतीचा असल्याने भरलेली रक्कम मुदतीच्या आत वसूल करणे मक्तेदारास भाग होते आणि वसुलीचा मार्ग एकच : खप वाढविणे. बोली जितकी चढी, तितका तिजोरीचा लाभ मोठा आणि पिणाऱ्याच्या संसाराची हानीही मोठी. पुण्यात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांना जोतीराव फुले यांनी 1880 मध्ये नगरपालिकेचे सदस्य या नात्याने हरकत घेतली, ती याच काळात.

स्वातंत्र्यानंतर 1949 चा दारूबंदी कायदा आला. बंदी पुढे सैल झाली. पण परवाने आजही त्याच कायद्याखाली दिले जातात. दारूबंदीच्या कायद्याने दारूविक्रीची परवानगी मिळावी, ही विसंगती महसुलाच्या गरजेतून आलेली आहे. 2008 च्या आदेशानुसार गावातील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी 'आडव्या बाटली'ला मत दिल्यास दुकान बंद होते. म्हणजे परवाना देण्यास एक सही पुरते; तो रद्द करविण्यास मात्र निम्म्याहून अधिक स्त्रियांना रोजगार बुडवून रांगेत उभे राहावे लागते.

गावात बोल लागतो तो गुत्तेदाराला. तो निर्दोष आहे असे नव्हे. परंतु गुत्ता घेणारा असतो, तेथे देणाराही असतोच. समाज हे विसरला, तरी शब्द विसरलेला नाही.