पाटी आणि स्लेट

शाळेंत जाणाऱ्या मुलाच्या हातांत असते ती पाटी. घराच्या दारावर धन्याचें नांव मिरवते तीहि पाटीच. आणि भाजीवाली डोक्यावर घेऊन येते त्या टोपलीलाहि पाटीच म्हणतात. या तीन वस्तूंचा परस्परांशीं संबंध काय, असें एकाद्या चौकस मुलानें विचारलें तर वडील माणसेंहि क्षणभर घोटाळतील. पहिल्या दोन पाट्या सख्ख्या बहिणी आहेत. संस्कृतांतील 'पट्ट' म्हणजे सपाट फळी, आणि पाट, पट्टी, पाटी हे शब्द त्याच कुळांतले. तिसरीचा संसार निराळा. कामचुकार माणूस 'पाट्या टाकतो' असें म्हणतात, तेव्हां बोलणाराच्या डोळ्यांपुढें शाळा नसून मातीच्या टोपल्या असतात, असा त्या वाक्प्रचाराचा उगम सांगतात.

फळीवरच्या पाटीची थोरवी मात्र फार जुनी आहे. अंकगणिताला संस्कृत ग्रंथकारांनीं 'पाटीगणित' असेंच नांव दिलें, आणि श्रीधराचार्यांचा एक ग्रंथ याच नांवानें प्रसिद्ध आहे. त्या विद्येला 'धूलिकर्म' असेंहि म्हणत. फळीवर बारीक धूळ पसरावी, बोटानें किंवा काडीनें आंकडे काढावे, आणि हिशेब जसजसा पुढें सरके तसतसे मागचे आंकडे पुसून तेथेंच नवे मांडावे, अशी ही रीत. जागा थोडी लागे, खर्च मुळींच नसे. दोष एवढाच कीं, शेवटीं उत्तर तेवढें उरे. चूक कोठें झाली तें शोधूं गेल्यास मागच्या पायऱ्यांचा मागमूस नसे. भारतीय अंकपद्धति अरबांकडे गेली ती या धुळीसकट. इ. स. ९५२ च्या सुमारास दमास्कस येथें अल्-उक्लिदिसी नांवाच्या गणितज्ञानें त्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला, आणि धूळ टाकून देऊन शाईनें कागदावर हिशेब करण्याच्या रीति त्यांत दाखविल्या. त्याच्या तक्रारींत एक गंमतीची आहे : धूळपाटी हातांत दिसली कीं लोक भल्या माणसाला रस्त्यावरचा ज्योतिषी समजतात!

'स्लेट' हा इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला. तेथें त्याचा अर्थ फुटून निघालेला ढलपा असा होता. दगडाला त्याच्या रंगावरून नव्हे, तर फुटण्याच्या रीतीवरून नांव मिळालें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. चिखलाचे थर साचून दगड बनतो, आणि पुढें भूगर्भांतील दाब व उष्णता यांनीं त्यांतील अभ्रकासारखे सूक्ष्म पापुद्रे एका दिशेनें ओळीनें बसतात. त्या दिशेनें छिन्नी लावली कीं पातळ, सपाट चकत्या निघतात. पुष्कळांना वाटतें कीं ह्या चकत्या म्हणजे चिखलाचे मूळचे थर. परंतु तसें नाहीं. कित्येकदां मूळ थर एकीकडे व चिरण्याची दिशा भलतीकडेच असते. दख्खनच्या काळ्या फत्तराला, तो ज्वालामुखीच्या रसाचा असल्यामुळें, असे पापुद्रे सुटत नाहींत; म्हणून घाटावरच्या मुलांची दगडी पाटी नेहमीं परमुलखांतलीच असे.

आणि येथें इतिहासानें एक मौजेचा फेरा घेतला आहे. १७८९ सालीं मद्रासेंतील एका अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार अँड्र्यू बेल नांवाच्या पाद्र्याकडे आला. मलबारी मुलें वाळूवर बोटानें अक्षरें गिरवीत आहेत, हें त्यानें पाहिलें आणि आपल्या शाळेंत तीच तऱ्हा सुरू केली. १७९७ मध्यें त्यानें त्याचा वृत्तांत लंडनमध्यें छापला. पुढच्याच वर्षीं जोसेफ लँकॅस्टर यानें त्या शहरांत गरिबांसाठीं शाळा काढली. तींतहि लहानग्यांना वाळूचा पाट आणि मोठ्यांना दगडी पाटी अशी व्यवस्था झाली. म्हणजे धूळ हिंदुस्थानांतून विलायतेस गेली, आणि एकोणिसाव्या शतकांत नव्या शाळांबरोबर दगडी पाटी इकडे आली. मराठीनें मात्र नव्या पाहुणीला जुनेंच नांव दिलें. धूळ गेली तरी 'धुळाक्षरें' राहिलीं. आणि दसऱ्याला एकाच्या आंकड्यांची सरस्वती काढून पूजा होऊं लागली ती दगडी पाटीचीच.

इंग्रजींत या शब्दाला फुटलेले फांटे निराळे. गुत्त्यांत उधारी पाटीवर मांडीत, म्हणून 'पाटीवर घेणें' म्हणजे उधार घेणें, आणि 'स्वच्छ पाटी' म्हणजे मागील देणें-घेणें मिटवून केलेली नवी सुरुवात. अमेरिकेंत निवडणुकीच्या उमेदवारांच्या यादीला स्लेट म्हणतात; इंग्लंडांत टीकाकार एकाद्या नाटकाची खरडपट्टी काढतो, त्यालाहि हेंच क्रियापद.

ज्या हातांनीं ही पाटी घडविली, त्यांची हकीकत इतकी हलकी नाहीं. वेल्स प्रांतांतील पेन्रिन येथील खाणींतून छपरांचे पत्थर निघत. त्यांच्या आकारांना 'डचेस', 'काउंटेस', 'लेडी' अशीं सरदारी नांवें होतीं. त्याच खाणींत मजूर आणि सरदार मालक यांचा झगडा नोव्हेंबर १९०० पासून तीन वर्षें चालला. संघटना मान्य करावी, ही मजुरांची मागणी. 'या घरांत फितूर नाहीं' अशा पाट्या त्यांच्या खिडक्यांत लागल्या. शेवटीं उपासमारीपुढें मजूर हरले.

मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें पाटीवरच्या पेन्सिली करीत. दगड हातानें कापीत तोंवर धुरळा बेताचा उडे; विजेच्या करवती आल्या, काम झपाट्यानें होऊं लागलें आणि कोरड्या दगडाची बारीक भुकटी कारखान्यांत दाटून राहूं लागली. तींत गारेचा अंश असतो. ती फुप्फुसांत रुतली कीं निघत नाहीं, आणि या 'सिलिकोसिस' नांवाच्या रोगावर गुण येईल असें औषध नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हां निम्म्याहून अधिकांच्या फुप्फुसांत हा रोग आढळला. कित्येक ऐन तिशी-चाळिशींत गेले. तेथें कापलेल्या पेन्सिली गांवोगांवच्या शाळांत एकेक पैशाला विकल्या जात.