प्रोटॉन-उपचार : नेम आणि निरोगी पेशी

कर्करोगाच्या गांठीवर किरणांचा मारा करणें आतां दुर्घट राहिलेलें नाहीं. खरें कौशल्य शेजारच्या निरोगी पेशी वांचविण्यांत आहे. क्ष-किरण गांठीशीं थांबत नाहींत. वाटेंत आणि पलीकडेही त्यांची झळ पोंचते. म्हणून ते अनेक दिशांनीं थोडे थोडे सोडावे लागतात.

प्रोटॉनची, म्हणजे हायड्रोजनच्या अणुगर्भाची, रीत निराळी. हा कण वाटेंत थोडी शक्ति खर्चितो, वेग मंदावतां उरलेली एकदम ओततो आणि थांबतो. तो किती खोल जाईल, हें आरंभींच्या वेगावर ठरतें. याचा उपयोग उपचारांत करावा, असें रॉबर्ट विल्सन या शास्त्रज्ञानें १९४६ सालीं सुचविलें. नवी मुंबईंत खारघर येथें, टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ संस्थेंत, २०२३ पासून हे उपचार होत आहेत.

वाढत्या मुलाच्या मेंदूंत गांठ असली म्हणजे याचें मोल कळतें. परंतु नेम चुकला, तर तोच सारा घाव निरोगी भागावर बसतो. म्हणून आधीं सी. टी. चित्रें घेतात, डोकें स्थिर ठेवणारा मुखवटा बेततात आणि दर वेळीं जागा पुन्हां पडताळतात. रोग्यानें निश्चल पडून राहणें, हाही उपचाराचाच भाग होय.