ढोबळी मिरची तोडणारे शिकाऊ यंत्र

हरितगृहातील ढोबळ्या मिरचीची तोडणी हे मोठ्या कष्टाचे काम होय. सर्व फळे एकाच वेळी रंगत नाहीत. त्यामुळे त्याच ओळींतून पुनःपुन्हा फिरून पक्व फळे निवडावी लागतात. ऐन वेळी मजूर न मिळाल्यास हाताशी आलेला माल झाडावरच खराब होतो. ही अडचण केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. ती दूर करण्यासाठी नेदरलँड्समधील वाखेनिंगन विद्यापीठाने बेल्जियम, स्वीडन व इस्राएल येथील संस्थांच्या साहाय्याने २०१५ ते २०१८ या काळात ‘स्वीपर’ नावाचा यंत्रमानव तयार केला.

यंत्र पाहते व ठरवते

मळणीयंत्र आपले काम ठरीव रीतीने करते. समोर काय आले हे ते पाहत नाही. स्वीपरला मात्र प्रत्येक फळापाशी निर्णय घ्यावा लागतो. हरितगृहातील नळ्यांवरून चालणारी गाडी, तीवर सहा सांध्यांचा हात आणि हाताच्या टोकाशी कॅमेरा, दिवे व कंप पावणारी सुरी, अशी त्याची रचना आहे. फळ पक्व आहे काय, खोड कोणत्या बाजूस आहे, हात कोठून न्यावा, हे तो ठरवतो. फळाजवळ जाताना पुन्हा पाहून दिशा सुधारतो, देठ कापतो व फळ झेलतो.

यंत्र शिकते कसे?

पान, खोड व देठ सारेच हिरवे. त्यांतील भेद नियमांत बांधणे कठीण. म्हणून नवशिक्या मजुरास उदाहरणे दाखवावीत, तशी संगणकास चित्रे दाखवतात. या कामी मिरचीच्या झाडांची १०,५०० कृत्रिम चित्रे संगणकावर रचण्यात आली. प्रत्येक चित्रात कोणता भाग पानाचा व कोणता खोडाचा, हे नोंदलेले होते. त्यांवरून भेद ओळखण्याची रीत संगणक स्वतःच बसवतो.

चाचणीत काय दिसले?

२०२० साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोधप्रद आहेत. नेहमीच्या पिकात यंत्राने १०० पैकी केवळ १८ फळे यशस्वीपणे तोडली. फळांपुढील पाने व घोस काढून पीक मोकळे केल्यावर हेच प्रमाण ६१ झाले. एका फळास सरासरी २४ सेकंद लागले. त्यांतील सुमारे निम्मा वेळ फळ ठेवण्यात व गाडी हलविण्यात गेला. यंत्र तेच असता पिकाच्या ठेवणीने यश तिपटीहून अधिक वाढले, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

शेतकऱ्यांनी काय घ्यावे?

असे यंत्र पुरेसे भरवशाचे झाल्यावाचून मजुरांची जागा घेऊ शकत नाही. तथापि फांद्या सुतळीवर सरळ चढविणे, फळांची विरळणी वेळेवर करणे व ओळी मोकळ्या ठेवणे हे आजही लाभाचेच आहे. माणसाच्या डोळ्यासही फळ लवकर दिसते. मात्र यंत्रासाठी पाने अवाजवी काढू नयेत. फळे उन्हाने भाजतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ‘शिकणाऱ्या’ यंत्राची जाहिरात पाहताच भुलून जाऊ नये. चाचणी कोणत्या पिकात झाली, पीक आधी मोकळे केले होते काय आणि शंभरांपैकी किती फळे हाती आली, हे तीन प्रश्न प्रथम विचारावेत. त्यांची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच शेतकऱ्यास खर्चाचा सल्ला द्यावा.