पुस्तक कुणासाठी, प्रकाशन कुठे?

मराठी पुस्तकाचं प्रकाशन म्हटलं की चित्र ठरलेलं असतं. रविवारची संध्याकाळ, पुण्या-मुंबईतलं सभागृह, व्यासपीठावर चार-पाच पाहुणे, शाल-श्रीफळ, रंगीत कागदात बांधलेला गठ्ठा सोडणं आणि दाराशी सवलतीत विक्री. खुर्च्या भरतात नातेवाइकांनी, सहकाऱ्यांनी आणि इतर लेखकांनी. ही माणसं प्रेमानं येतात, प्रतही घेतात. पण पुस्तक ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर असेल, तर त्या मुलांना शिकवणारी बाई बीड जिल्ह्यातल्या शाळेत असते. तिच्यापर्यंत या समारंभाची बातमीही पोचत नाही.

वाचक कोण, हे आधी ठरवलं की काय होतं ते पाहायचं असेल, तर 6 डिसेंबरला दादरला जावं. महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीवर लाखो अनुयायी येतात, रेल्वेला नागपूरहून खास गाड्या सोडाव्या लागतात आणि शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलच्या रांगा लागतात. आंबेडकरी साहित्याचे कितीतरी प्रकाशक नवं पुस्तक या तारखेवर डोळा ठेवूनच छापायला टाकतात. दसऱ्याला नागपूरच्या दीक्षाभूमीवरही हेच दृश्य.

स्टॉलपाशी थोडा वेळ थांबलं तरी बरंच कळतं. रात्रभर जनरल डब्यातून आलेली बाई पिशवीतला भाकरीचा डबा बाजूला सारून पुस्तकांना जागा करते. धाकट्यासाठी चित्रमय चरित्र, कॉलेजातल्या लेकीसाठी संविधानाची प्रत, शेजारणीसाठी वंदनेची पुस्तिका. पैसे मोजून आणलेले असतात आणि ओझं तितक्याच गर्दीतून परत न्यायचं असतं. म्हणून पुस्तिका स्वस्त, सुटसुटीत, ठळक टायपातल्या. पण गरीब वाचकाला पातळ पुस्तिकाच लागतात, हा समजही इथे टिकत नाही. राज्य सरकारनं 1979 पासून काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या जाडजूड खंडांनाही इथे गिऱ्हाईक असतं. आकार, किंमत, तारीख, जागा सगळं इथे वाचकाकडे पाहून ठरतं, आणि व्यासपीठावर कुणाला बसवायचं हा प्रश्नच येत नाही.

‘ग्रंथाली’नं सत्तरच्या दशकात हीच गोष्ट दुसऱ्या वाटेनं केली. दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला वाचक चळवळच म्हटलं. आधी वाचकांना सभासद करून घ्यायचं आणि त्यांना सवलतीत पुस्तकं द्यायची, अशी ती रीत. पुढे ग्रंथयात्रा काढून पुस्तकं गावोगाव नेली. दया पवारांचं ‘बलुतं’ हे दलित आत्मकथन 1978 मध्ये ग्रंथालीनंच काढलं. तेव्हाच्या साहित्यवर्तुळाला अनोळखी असलेलं ते जगणं वाचकांपर्यंत नेण्यात या जाळ्याचा वाटा मोठा आहे.

मुलांच्या पुस्तकात आणखी एक पेच असतो. वाचणारा एक आणि पैसे देणारा दुसरा. माधुरी पुरंदरे यांच्या ‘यश’ किंवा ‘राधाचं घर’सारखी पुस्तकं पोरांपुढे मोठ्यानं वाचली, की आजी-आजोबा खिशात हात घालतात. अशा पुस्तकाच्या प्रकाशनात अध्यक्षीय भाषण कशाला? शनिवारी सकाळची शाळा गाठावी, दहा पानं वाचून दाखवावीत आणि मुलांना चित्रं हाताळू द्यावीत.

ग्रामीण भागातल्या मोठ्या वाचकवर्गाचं पुस्तक अजूनही सार्वजनिक वाचनालयातून येतं. तिथल्या ग्रंथपालाला निमंत्रण जात नाही, ही खरी हळहळ वाटावी अशी गोष्ट आहे. कुठलं पुस्तक किती हातांतून फिरतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

आणि वाचक शोधायला पाहणी वगैरे करावी लागते असं नाही. प्रकाशनपूर्व सवलतीची योजना जवळपास प्रत्येक प्रकाशक राबवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरते, लोक पैसे भरतात, पत्ते पाठवतात. त्या पत्त्यांवर पिनकोड असतात. तीस प्रती लातूरला आणि पाच पुण्याला जाणार असतील, तर कार्यक्रम लातूरला व्हायला हवा. तिथल्या वाचनालयाच्या ओसरीवर झाला तरी चालेल. पाहुणा म्हणून त्या विषयात हयात घालवलेला स्थानिक माणूस बोलवावा. वेळ शेवटची एसटी चुकणार नाही अशी ठेवावी. नव्या लेखकांनी एवढं करावं: सभागृहाची अनामत भरण्याआधी प्रकाशकाकडून नोंदणीची यादी मागून घ्यावी आणि गावांची नावं शेवटपर्यंत वाचावीत.