चाहता हा गिऱ्हाईक नव्हे

इंग्लिश फुटबॉलच्या इतिहासात १८ ते २५ एप्रिल २०२१ या आठवड्याची नोंद राहील, ती त्या आठवड्यात झालेल्या कोणत्याही गोलमुळे नव्हे. त्या रविवारी रात्री युरोपातील १२ धनाढ्य क्लबांनी ‘सुपर लीग’ नावाची स्वतंत्र स्पर्धा सुरू करण्याची घोषणा केली. आर्सेनल, चेल्सी, लिव्हरपूल, मँचेस्टर सिटी, मँचेस्टर युनायटेड आणि टॉटनम हे सहा इंग्लिश क्लब त्यांत होते. २० संघांच्या या स्पर्धेत १५ संस्थापकांचे स्थान कायमचे राहणार होते. खेळ कितीही खालावला तरी त्यांना बाहेर काढण्याची तरतूद नव्हती. थोडक्यात, परीक्षा न देताच ते दर वर्षी उत्तीर्ण होणार होते. परंतु मंगळवारची रात्र संपण्यापूर्वी सहाही इंग्लिश क्लबांनी माघार जाहीर केली. जवळजवळ ४८ तासांत कोट्यवधी पौंडांचा बेत कोसळावा, हे कसे घडले याचा विचार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य करावा.

तेव्हा महासाथीमुळे मैदाने प्रेक्षकांना बंद होती. चाहत्याला आत प्रवेश नव्हता. म्हणून तो बाहेर उभा राहिला. लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या एका गटाने अ‍ॅनफिल्डच्या ‘कॉप’ गॅलरीतील आपली निशाणे काढून घेत असल्याचे जाहीर केले. सोमवारी लीड्स येथे लिव्हरपूलचा सामना होता. ‘फुटबॉल चाहत्यांसाठी आहे’ अशा अर्थाची अक्षरे असलेले सदरे घालून लीड्सच्या खेळाडूंनी सामन्यापूर्वीचा सराव केला, आणि लिव्हरपूलच्या जेम्स मिल्नर याने आपल्याच मालकांचा बेत आपल्याला पसंत नाही असे सामन्यानंतर उघड सांगितले. त्याच दिवशी टॉटनमने प्रशिक्षक होजे मोरिन्यो यांना पदावरून दूर केले. एरवी हीच आठवड्याची मोठी बातमी ठरली असती. मंगळवारी चेल्सीच्या स्टॅम्फर्ड ब्रिज मैदानाबाहेर जमावाने रस्ता अडविला, तेव्हा क्लबचा माजी गोलरक्षक व तत्कालीन पदाधिकारी पीटर चेक याला रस्त्यावर येऊन चाहत्यांची मनधरणी करावी लागली. बुधवारी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी चित्रफितीद्वारे चाहत्यांची माफी मागितली. पुढच्या रविवारी वेम्ब्लीवर लीग कपचा अंतिम सामना सुमारे ८,००० प्रेक्षकांसमोर झाला. सिटीने टॉटनमवर एका गोलने मात केली. दोन्ही संघ आठवड्यापूर्वीच्या त्या बारांपैकीच होते!

बाजाराच्या नेहमीच्या तर्कानुसार माल वाईट निघाला की गिऱ्हाईक दुकान बदलते, आणि या भीतीनेच दुकानदार नीट वागतो. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अल्बर्ट हिर्शमन यांनी असे दाखवून दिले की, असंतुष्ट माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे, आणि यांपैकी कोणता मार्ग तो घेईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. फुटबॉलच्या चाहत्याला पहिला मार्ग जवळजवळ बंदच असतो. तिकीट महागले म्हणून लिव्हरपूलचा माणूस एव्हर्टनचा होत नाही. २००५ साली ग्लेझर कुटुंबाने कर्ज काढून मँचेस्टर युनायटेड विकत घेतला आणि त्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच पडला. तेव्हा संतापलेले काही चाहते बाहेर पडले. पण ते सिटीकडे गेले नाहीत, त्यांनी स्वतःचा नवा क्लब काढला. म्हणजे बाजारात कितीही क्लब असले तरी प्रत्येक क्लब आपल्या चाहत्यांपुरता मक्तेदारच असतो. चाहत्याची निष्ठा हेच मालकाचे खरे भांडवल. त्यावर व्याज मात्र त्याला द्यावे लागत नाही.

अर्थात् चाहत्याच्या आवाजानेच सर्व काही घडले, असे मानणे आत्मवंचना ठरेल. सरकारने कायद्याची धमकी दिली होती, युरोपीय संघटनेने बंदीचा इशारा दिला होता. शिवाय चाहत्याचे स्वतःचे हातही अगदी स्वच्छ नाहीत. पाहुण्या संघाला प्रवेशशुल्काचा वाटा देण्याची लीगमधील जुनी प्रथा १९८३ मध्ये बंद झाली आणि त्याच वर्षी टॉटनम भागबाजारात उतरला. १९९२ ची प्रीमियर लीग तरी काय होती? दूरचित्रवाणीचा पैसा आपल्याकडे राहावा म्हणून वरच्या क्लबांनी जुन्या लीगपासून घेतलेली ती फारकतच होती. त्याच पैशाने नामवंत खेळाडू आले, तेव्हा गॅलरीतून टाळ्याच पडल्या. १८९४ पासून लीगमध्ये असलेला बरी हा लहान क्लब आर्थिक दुरवस्थेमुळे २०१९ मध्ये काढून टाकण्यात आला. त्याच्या चाहत्यांना ४८ तासांत न्याय मिळाला नाही.

तरीही त्या आठवड्यात चाहत्याने ज्या तत्त्वाचा कैवार घेतला, ते तत्त्व योग्यच होते. सट्टेवाल्यांनी ज्याला ५,००० ला १ असा भाव दिला होता, तो लेस्टर सिटी २०१६ मध्ये विजेता ठरला. मोठ्याला पडण्याचे भय आणि लहानाला चढण्याची आशा, या दोहोंमुळेच स्पर्धेला अर्थ येतो. मालकाच्या दृष्टीने हे भय म्हणजे गुंतवणुकीतील जोखीम. चाहत्याच्या दृष्टीने तोच खेळ होय.

संताप टिकत नाही, कायदा टिकतो. चाहत्यांचे म्हणणे ऐकून ट्रेसी क्राउच यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आला. क्लबांना निषिद्ध स्पर्धांत जाण्यास बंदी झाली; चिन्ह वा सदऱ्याचा रंग बदलताना चाहत्यांचे मत विचारात घेणे भाग पडले. निघून जाण्याचा मार्ग जेथे बंद असतो, तेथे आवाजाला कायद्याचा आधार द्यावा लागतो, हाच याचा अर्थ.

पुण्या-मुंबईत रात्री जागून हे सामने पाहणाऱ्या तरुणालाही यात बोध आहे. सुपर लीगच्या हिशेबात दूरदेशीच्या प्रेक्षकाचे मोल मोठे होते, आणि त्याला सदैव बड्यांच्याच लढती हव्या असतात असे गृहीत धरलेले होते. त्याला रस्ता अडविता येत नाही, नियामकापुढेही त्याला स्थान नाही. परंतु आपण जे पाहतो त्याची किंमत हरण्याच्या शक्यतेत आहे, एवढे त्याने ओळखले, तरी पुढच्या वेळी त्याच्या नावावर असा सौदा करणे मालकांना सोपे जाणार नाही.