खासगी रेल्वे, सरकारी हमी

जपानात पहिली आगगाडी १८७२ साली धावली, ती सरकारी खर्चाने. पुढे तिजोरी आटली. तेव्हा १८८१ साली ‘निप्पॉन रेल्वे’ ही तिथली पहिली खासगी रेल्वे कंपनी निघाली. भांडवल बरेचसे जुन्या सरदार घराण्यांचे. पण वर्षाला ८ टक्के नफ्याची हमी सरकारची! १८८४ साली तोक्योहून रूळ ताकासाकीला पोचले, १८८५ साली योकोहामाच्या मार्गाला जोडले गेले. मग खेड्यापाड्यांतले रेशीम रेल्वेनेच बंदरात जाऊ लागले. १८९८ साली इंजिनचालकांनी मानाच्या वागणुकीसाठी संप केला; कंपनीला नमते घ्यावे लागले. १९०६ साली सरकारने ही रेल्वे विकत घेतली. नफा भागधारकांचा, जोखीम मात्र सर्वांच्या तिजोरीची! म्हणून कंपनी खासगी म्हटली, की हमी कोणाची, एवढे विचारावे.