साखळीची लांबी

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीत आज पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या आठवणीत रॉकेलचा वास पक्का असतो. कंदिलाची काच राखेने पुसायची, जळकी वात कात्रीने कापायची, नरसाळे लावून तेल ओतायचे आणि महिन्याचा कोटा आला की रेशन दुकानापुढे डबा रांगेत ठेवायचा. मराठीने या तेलाला दोन नावे दिली. खडकातून येणारे ‘रॉक ऑइल’ म्हणून रॉकेल, आणि ‘गॅसलाइट’चे झाले घासलेट. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मात्र हे तेल एका मोठ्या खानदानाच्या मधल्या पिढीत बसते. त्या खानदानाचे नाव अल्केन.

दहावीच्या विज्ञानात ‘कार्बनी संयुगे’ हा धडा आहे. त्यातला अल्केनचा नियम पाठ करायला सोपा: कार्बनचे अणू जितके, त्यांच्या दुपटीहून दोन जास्त हायड्रोजन. एक कार्बन, चार हायड्रोजन म्हणजे मिथेन. दोन आणि सहा म्हणजे इथेन. मग प्रोपेन, ब्युटेन, पेंटेन अशी साखळी लांबत जाते. सगळे बंध एकेरी, म्हणजे कार्बनचे चारही हात गुंतलेले. त्यामुळे ही संयुगे आम्लाला किंवा अल्कलीला सहसा दाद देत नाहीत. कार्ल रायशेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने १८३० मध्ये लाकडाच्या डांबरातून मेण वेगळे केले आणि त्याला पॅराफीन हे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘फारशी ओढ नसलेले’. हे नाव चपखल आहे, पण एक अपवाद सोडून. ठिणगी मिळाली की हाच अलिप्त रेणू ऑक्सिजनवर तुटून पडतो.

एकेका सदस्याचा स्वभाव ठरतो तो साखळीच्या लांबीवरून. जोंधळ्याचे दाणे हातातून घरंगळतात, पण सुतळीचे लांब तुकडे एकमेकांत अडकून बसतात. रेणूंचेही तसेच आहे. साखळी लांब, तर शेजारच्या रेणूला चिकटायला जागा अधिक, आणि त्यांना सुटे करायला उष्णता अधिक. मिथेन उणे १६१ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो, प्रोपेन उणे ४२ला, ब्युटेन जवळपास शून्यावर. पेंटेन ३६ अंशांवर उकळतो, म्हणजे मराठवाड्यातल्या मे महिन्याच्या दुपारी तो नुसता उघडा ठेवला तरी उडून जाईल. आठ कार्बनांचा ऑक्टेन १२६ अंश मागतो, तर सोळा कार्बनांचा हेक्साडेकेन २८७ अंश. हाच हेक्साडेकेन १८ अंशांखाली गोठतो. वीस कार्बनांच्या पुढे मेण लागते. दिवाळीत पेटणारी मेणबत्ती बहुतेक वेळा याच घराण्यातली असते. आणि हे घराणे फक्त जमिनीखाली नांदते असेही नाही. कोबीच्या पानावरून पाणी निथळून जाते, कारण त्यावरच्या मेणात एकोणतीस कार्बनांचा नोनाकोसेन असतो. रोपाने तो स्वतः तयार केलेला असतो.

कच्चे तेल शुद्ध करण्याचा कारखाना मुळात या उकळबिंदूंच्या फरकावर चालतो. कच्चे तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडले, की हलके रेणू वर चढतात आणि जड खाली राहतात. सर्वांत वर वायू, मग पेट्रोल, मग रॉकेल, मग डिझेल, तळाशी डांबर. शेजारच्या दोन थरांमध्ये कडक भिंत नसते. रॉकेलचे जड टोक डिझेलमध्ये शिरते, हलके टोक पेट्रोलकडे झुकते. (पेट्रोल-डिझेलमध्ये अल्केनखेरीज इतर हायड्रोकार्बनही असतात, हे सांगायला हवे.)

भेसळीचा धंदा या शेजारावरच उभा राहिला.

मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून नळाने आलेले इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीत साठवले जाते, आणि तिथून निघालेले टँकर उत्तर महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात जातात. २०११च्या सुरुवातीला रेशनचे रॉकेल साधारण बारा-तेरा रुपये लिटर होते आणि डिझेल चाळिशीच्या आसपास. लिटरमागे पंचवीसेक रुपयांची तफावत, आणि मिसळले तर डोळ्यांना कळत नाही. म्हणूनच सरकार रेशनच्या रॉकेलला निळा रंग देत असे. देवगाव रंगारीच्या नावातला रंगारी म्हणजे कापड रंगवणारा. इथे रंगवले जात होते गरिबाच्या हक्काचे तेल, ते चोरीला गेले तर ओळखू यावे म्हणून. चोरांनी रंग काढायचेही मार्ग शोधले.

२५ जानेवारी २०११ला, प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे पानेवाडीजवळून जात होते. एका ढाब्यापाशी उभे असलेले टँकर पाहून त्यांना संशय आला. ते उतरले आणि मोबाइलवर चित्रण करू लागले. भेसळ करणाऱ्या टोळीने त्यांच्यावर तेल ओतून त्यांना भर दिवसा जिवंत जाळले. राज्यभरच्या सरकारी कर्मचाऱ्यांनी निषेध म्हणून काम बंद ठेवले. रसायनशास्त्राच्या लेखात हे नाव यायलाच हवे, कारण दहा-पंधरा कार्बनांच्या साखळ्या कुठे जातात हे पाहण्याच्या कामात हा माणूस गेला.

भेसळीचे नुकसान इंजिनात दिसते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले की ऑक्टेन आकडा घसरतो, मिश्रण वेळेआधी भडकते, इंजिन ठोके देते आणि अर्धवट जळलेली काजळी धुराड्यातून बाहेर येते. डिझेलमधले रॉकेल वंगणाचा गुण कमी करते आणि ट्रॅक्टरचा इंधनपंप झिजवते. खर्च शेतकऱ्याच्या माथी येतो, तोही अशा वेळी की पेरणीला वाफसा आलेला असतो. ग्राहकाच्या हातात मात्र एक साधी चाचणी आहे. गाळणकागद पंपावर मागता येतो. त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा. पेट्रोल हलके, ते दोन-चार मिनिटांत उडून जाते. डाग उरला, तर लांब साखळ्या मागे राहिल्या आहेत. घनता मोजायचा हायड्रोमीटर आणि काचेचे नळकांडेही पंपावर असतेच, आणि मोजून दाखवा म्हणण्यात संकोच करू नये.

चूलघरात १४.२ किलोचे लाल सिलिंडर येते तेव्हा याच साखळीतले प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रवरूपात येतात. दोघेही हवेपेक्षा जड. गळती झाली तर वायू जमिनीलगत, ओट्याखाली साचतो, म्हणून खालचे झरोके महत्त्वाचे. मूळ वायूला वास नसतो. नाकाला झोंबतो तो मुद्दाम मिसळलेला इथाइल मर्कॅप्टन. हे सिलिंडर पूर्ण जळले की सुमारे ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि बावीस-तेवीस किलो पाण्याची वाफ तयार होते. इंधनापेक्षा वजन वाढले कसे, असा प्रश्न पडेल. वाढीव वजन हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे. एक लिटर डिझेल जळल्यावर याच हिशेबाने अडीच किलोंहून अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर आलेल्या बीएस-६ इंधनात गंधक ५० वरून १० पीपीएमवर आणले, आणि धूर खरोखर कमी झाला. पण कार्बनचा हिशेब तोच राहिला, कारण तो साखळीतच आहे. उद्योगयुगाआधी हवेत दहा लाखांत २८० भाग असलेला हा वायू आता ४२०च्या पुढे गेला आहे.

तरीही चुलीचा धूर आणि गॅसची निळी ज्योत यांत निवड करायची झाली, तर घरातल्या बाईच्या फुप्फुसांच्या बाजूने सिलिंडरचाच विचार करावा लागतो. तिसरा पर्याय गोठ्यात आहे: गोबरगॅस.

तो पर्याय जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच मैल्यापासून वायू काढला जाई. पुढे जशभाई पटेल यांनी १९५०च्या दशकात तरंगत्या झाकणाची टाकी बनवली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती गावोगावी नेली. महाराष्ट्र आज गोबरगॅस संयंत्रांच्या संख्येत देशात अग्रणी राज्यांत आहे. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे, आणि जवळजवळ तितकेच पाणी. कन्नड-वैजापूरच्या पर्जन्यछायेत खरी अडचण हे पाणीच ठरते. टंचाईच्या उन्हाळ्यात जनावरांना पाजायचे की टाकीला, हा प्रश्न उरतो आणि अनेक टाक्या याच कारणाने कोरड्या पडतात.

गोबरगॅसमधला साधारण साठ टक्के भाग मिथेनचा असतो, तोच साखळीतला सर्वांत धाकटा. त्यातला कार्बन कालच्या कडब्यातून आलेला असल्याने जाळल्यावर हवेत नवी भर पडत नाही. मात्र न जळता निसटला तर गणित उलटते. एक किलो मिथेन जळून पावणेतीन किलो कार्बन डायऑक्साइड देतो. तोच तसाच हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून झाकणाला भेग पडलेली, नळी सैल झालेली टाकी ही किरकोळ बाब नाही. नळीच्या प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावून पाहायला दोन मिनिटे लागतात. बुडबुडे फुगले, तर तोटी बंद करायची आणि सांधा पुन्हा आवळायचा.